हौदाचें गणित आणि घरांतला समुद्र

अंकगणिताच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत हौदाचें एक उदाहरण हटकून असे. एका हौदास दोन नळ आहेत. पहिल्यानें तो अमुक तासांत भरतो आणि दुसऱ्यानें तमुक तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर काय होईल? मुलें पाटीवर अपूर्णांक मांडीत, पण त्यांच्या मनांत एक शंका राहून जाई. जो हौद भरावयाचा, तोच दुसऱ्या बाजूनें रिकामा करणारा हा गृहस्थ कोण? शंका रास्त असली तरी तें उदाहरण अगदींच हवेंतलें नव्हतें. समुद्रापासून दूर असलेल्या घरांत समुद्रांतले मासे पाळावयाचे म्हटलें, कीं त्या हौदाला दोन नळ लावावे लागतात, ते दोन्ही एकदम चालवावे लागतात, आणि गणिताचें उत्तर चुकलें तर तेथें गुण कापले जात नाहींत. मुक्या जिवांचे प्राण जातात.

वाशीम शहर समुद्रापासून सरळ रेषेंत मोजलें तरी साडेचारशे किलोमीटरांहून दूर आहे. गांवांत पद्मतीर्थ आहे, देवतळें आहे, शहराची तहान भागविणारा एकबुर्जीचा जलाशय आहे. परंतु हें सारें गोडें पाणी. खाऱ्या पाण्यांतली रंगीत मासळी पाहावयाची तर वऱ्हाडच्या मनुष्यानें मुंबईची वाट धरावी, मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत जावें, आणि कांचेआड फिरणारे मासे डोळे भरून पाहून परतावें, असा पुष्कळ वर्षांचा परिपाठ होता. त्या मत्स्यालयाच्या दारासमोर समुद्रच होता. पुढें विजेचे लहान पंप, पाणी शुद्ध करण्याचीं घरगुती यंत्रें आणि पिशव्यांतून मिळणारें समुद्री मीठ यांच्या योगानें ही हौस वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथल्या दिवाणखान्यांतहि पुरवितां येऊं लागली. ती पुरवितां येते हें खरें. पण ती निभावून नेणें ही गोष्ट निराळी आहे.

पेटींतलें पाणी बदलावें तरी कशासाठीं, हा प्रश्न पहिल्यानें येतो. त्याचें उत्तर निसर्गानें वाशीमच्या शेजारींच, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणार येथें मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलें आहे. उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. कांठावरच्या धारेचें गोडें पाणी आंत उतरतें, पावसाचें पाणी उतरतें. परंतु त्यास बाहेर वाहून जावयास वाट नाहीं. उन्हानें पाण्याची वाफ होऊन जाते आणि पाण्यानें आणलेले क्षार मात्र मागें राहतात. २०२० सालच्या जून महिन्यांत पाणी घटून खारटपणा वाढला, तेव्हां सारें सरोवर गुलाबी दिसूं लागलें. हा रंग खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळून आलें. लोणारचे क्षार समुद्राच्या क्षारांहून वेगळ्या जातीचे आहेत. पण धडा एकच आहे. ज्या पात्रांत येणें आहे आणि जाणें नाहीं, त्यांतल्या पाण्याचा स्वभाव हळूहळू पालटतो. दिवाणखान्यांतली कांचपेटी ही असेंच एक लहानसें लोणार होय.

पेटींत येणारी भर दोन प्रकारची असते. माशांनीं खाल्लेल्या अन्नापासून त्यांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो, आणि तो त्यांनाच विषारी असतो. वाळूंत व दगडांत वस्ती करून राहणारे जंतु त्याचें नायट्राइट करतात आणि दुसरे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानें सौम्य; पण सामान्य पेटींत ही सांखळी बहुतेक तेथेंच थांबते, नायट्रेट सांचत जातें आणि शेवाळ माजतें. दुसरी भर मिठाची. तिचा विचार पुढें येईल. उलट, शिंपल्यांसारखे कवचधारी जीव पाण्यांतला कॅल्शियम आपल्या घरासाठीं काढून घेतात. म्हणजे जें नको तें वाढतें आणि जें हवें तें घटतें. समुद्रांत अथांग पाणी हा हिशेब सहज पोटांत घालतें. घरांत तो मनुष्यानें चुकता करावयाचा असतो, आणि त्याचा साधा मार्ग म्हणजे थोडें जुनें पाणी काढून तितकेंच नवें पाणी घालणें.

हें नवें पाणी वाशीममध्यें आणावयाचें कोठून? तें घरींच करावें लागतें. ही युक्ति नवी नाहीं. लंडनच्या रीजेंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें कृत्रिम समुद्रजलाची कृति प्रसिद्ध केली. पुढें ‘चॅलेंजर’ या जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत पृथ्वीवरचे महासागर धुंडाळले. त्यानें आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें तपासले आणि १८८४ सालीं दाखवून दिलें कीं, खारटपणा कोठें कमी, कोठें अधिक असला तरी निरनिराळ्या क्षारांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेंच असतें. म्हणूनच एकाच प्रकारचें तयार मीठ जगांत कोठेंहि चालतें.

एक किलो समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं सुमारें ३० ग्रॅम म्हणजे सोडियम व क्लोराइड, अर्थात् आपल्या जेवणांतलें मीठ. उरलेल्या ५ ग्रॅमांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि येतात. हे पांच ग्रॅम थोडे दिसतात. पण त्यांच्यावांचून समुद्रांतला जीव जगत नाहीं. तेव्हां स्वयंपाकघरांतलें मीठ पाण्यांत टाकून समुद्र होतो, ही समजूत सोडून द्यावी. मीठ ज्यांत विरघळवावयाचें तें पाणीहि शुद्ध हवें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो आणि विहिरीच्या पाण्यांत खडकांतून आलेला जडपणा असतो, म्हणून आर. ओ. यंत्रांतून काढलेलें पाणी वापरावें. मीठ पेटींत कधींहि टाकूं नये. झांकणाच्या ड्रममध्यें पाणी घेऊन त्यांत मीठ घालावें, लहान पंपानें तें एक दिवस ढवळत ठेवावें, आणि खारटपणा मोजूनच तें पाणी वापरावें.

आतां बदलाचें गणित. समजा, पेटींत २०० लिटर पाणी आहे. महिन्यांतून एकदां ६० लिटर बदललें, तर सांचलेल्या मळाच्या १०० भागांपैकीं ७० भाग उरतात. तेंच ६० लिटर रोज २ लिटर याप्रमाणें ३० दिवसांत बदललें, तर ७४ भाग उरतात. कारण रोज काढलेल्या पाण्याबरोबर आधीं घातलेल्या नव्या पाण्याचाहि कांहीं अंश निघून जातो. तोटा झाला तो अवघ्या चार भागांचा. नफा असा कीं, एकाएकीं तिसरा हिस्सा पाणी पालटल्यानें उष्णतेंत व क्षारांत जो धक्का बसतो, तो माशांना बसत नाहीं. रोजचा बदल शंभराव्या हिश्शाचा. तो त्यांच्या ध्यानांतहि येत नसेल. मात्र यानें मळ अजिबात जातो असें समजूं नये. दर लिटरमागें रोज ०.२ मिलिग्रॅम नायट्रेट वाढत असेल आणि रोज शंभरावा हिस्सा पाणी बदलत असेल, तर नायट्रेट सुमारें २० मिलिग्रॅमांवर जाऊन स्थिरावतें. ती मर्यादा अधिक वाटल्यास अन्न कमी घालावें, मासे कमी ठेवावे, किंवा बदलाचें प्रमाण वाढवावें.

रोज दोन लिटर मोजून काढणें व घालणें हें काम आठ दिवस उत्साहानें होतें. नवव्या दिवशीं तें राहून जातें. म्हणून यंत्राची योजना. तिच्यांत दोन ड्रम, दोन नळ्या, दोन तोंडांचा एक पंप आणि वेळ लावण्याचें घड्याळी बटण, एवढाच पसारा असतो. एका ड्रममध्यें नवें खारें पाणी ठेवावयाचें आणि दुसरा, रिकामा, जुन्या पाण्यासाठीं ठेवावयाचा. पंप असा निवडावा कीं ज्यांत फिरते रूळ लवचीक नळीस दाबीत पाणी पुढें ढकलतात. रुग्णालयांत डायलिसिसच्या यंत्रांत रक्त फिरविण्यासाठीं याच तत्त्वाचा पंप वापरतात. एकाच दांड्यावर दोन तोंडें असलीं म्हणजे एकानें जुनें पाणी निघतें आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें नवें येतें. वीज गेली तर दोन्ही एकदम थांबतात. शिवाय रुळांनीं नळी दाबलेली राहत असल्यानें पंप बंद असतांना पाणी आपोआप वाहत सुटण्याचें भय फार कमी राहतें. साधे पंप वापरणारांनीं मात्र ही दक्षता अवश्य घ्यावी. पाण्यांत बुडालेल्या नळीनें एकदां ओढ घेतली, कीं पंप थांबला तरी पेटी रिकामी होत राहते. तसें होऊं नये म्हणून नळीस पाण्याच्या पातळीशीं एक बारीक भोंक पाडावें, म्हणजे पातळी उतरतांच आंत हवा शिरून ओढ तुटते.

जुनें व नवें पाणी घेणारीं टोकें एकमेकांपासून दूर ठेवावीं, नाहीं तर नुकतें आलेलें पाणीच बाहेर जाईल. दिवसाचे दोन लिटर एकदम न बदलतां घड्याळाकडून चार-सहा वेळांत विभागून घ्यावे. पंप बसवितांना आणि पुढें दर महिन्यास दोन्ही नळ्यांचें पाणी सारखाच वेळ मापाच्या भांड्यांत धरून पाहावें. कारण दाबून दाबून नळी सैलावते आणि दोन तोंडांचा वेग सारखा राहत नाहीं. येथपर्यंत सारें सुलभ आहे. खरी मेख याच्या पुढें आहे, आणि ती वऱ्हाडच्या उन्हाळ्याशीं निगडित आहे.

वैशाखांत वाशीमचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. समुद्री माशांना २५ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. पाणी निवविण्यासाठीं पंखा लावला म्हणजे बाष्पीभवन वाढतें, आणि २०० लिटरांच्या पेटींतून रोज तीन लिटर पाणी उडून जातें असें धरून चालूं. उडतें तें केवळ पाणी. मीठ पेटींतच राहतें. म्हणून ही तूट खाऱ्या पाण्यानें भरावयाची नसते, शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावयाची असते. त्यासाठीं दुसरें एक स्वयंचलित साधन बसवितात. पातळी बोटभर उतरली, कीं तें खुणेपर्यंत गोडें पाणी सोडतें. आतां पेटीला वस्तुतः तीन नळ झाले. एकानें खारें पाणी जातें, एकानें खारें येतें, आणि तिसऱ्यानें गोडें येतें.

समजा, मे महिन्यांत घरांतली मंडळी लग्नानिमित्त दहा दिवस परगांवीं गेली आहे. शेजारचा मुलगा रोज येऊन माशांना चिमूटभर दाणे घालतो आणि पेटीकडे पाहतो. पाणी खुणेशीं अचूक आहे. तो निश्चिंत मनानें घरीं जातो. पण तिकडे नव्या पाण्याचा ड्रम पहिल्याच दिवशीं संपला आहे, आणि कोणाच्या तें लक्षांत आलेलें नाहीं. जुनें पाणी काढणारी नळी आपलें काम इमानानें करीत आहे. रोज दोन लिटर खारें पाणी बाहेर जातें, त्याच्याबरोबर सुमारें ७० ग्रॅम मीठ जातें, आणि पडलेली तूट तिसरा नळ गोड्या पाण्यानें भरून काढतो. दहाव्या दिवशीं पाणी खुणेशींच आहे. मात्र खारटपणा ३५ वरून ३१.७ वर उतरला आहे. आतां उलट पक्ष पाहावा. जुनें पाणी काढणारी नळी शेवाळानें तुंबली आहे आणि नवें पाणी येतच आहे. उडून गेलेल्या तीन लिटरांची जागा दोन लिटर खारें आणि एक लिटर गोडें पाणी घेतें. पातळी पुन्हां खुणेशींच. पण पेटींतल्या सात किलो मिठांत रोज ७० ग्रॅमांची भर पडत आहे. दहा दिवसांत खारटपणा ३८.५ होतो. कित्येक मासे इतका फरक कांहीं काळ सोसतात. कोळंबी, तारामासा अशा जीवांना तो सोसणें फार कठीण जातें. मंडळी परत येते तेव्हां पेटी स्वच्छ, पाणी नितळ, पातळी बरोबर, आणि तळाशीं तारामासा गळून पडलेला. काय चुकलें तें कोणास कळत नाहीं, कारण डोळ्यांना दिसण्यासारखें कांहींच चुकलेलें नसतें.

हाच या सर्व विषयाचा गाभा आहे. जें साधन पाण्याची तूट भरून काढतें, तेंच दुसऱ्या साधनाची चूक झांकूनहि टाकतें. पूर्वीं हातानें पाणी बदलणारा मनुष्य चुकला तर पातळी त्याची चूक उघड करी. आतां पातळीची साक्ष ग्राह्य धरतां येत नाहीं. खरी साक्ष खारटपणाची. म्हणून यंत्र बसविलें म्हणजे क्षारतामापक कपाटांत ठेवावयाचा नसतो. उलट तो अधिक जवळ ठेवावा लागतो. आठवड्यांतून दोनदां तरी पेटींतलें पाणी मोजून आंकडा वहींत तारखेसह लिहावा, आणि मापक स्वतः खरें सांगतो कीं नाहीं, हें ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणानें अधूनमधून पाहून घ्यावें.

दुसरी एक खूण याहून सोपी आहे आणि तिला विशेष खर्च नाहीं. जुन्या व नव्या पाण्याचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे घ्यावे, आणि दोहोंवर पांच-पांच लिटरांच्या रेघा ओढाव्या. एका ड्रममध्यें जितक्या रेघा पाणी उतरलें असेल, तितक्याच रेघा तें दुसऱ्यांत चढलें पाहिजे. जमा आणि खर्च जुळले तर यंत्र ठीक. न जुळले तर चूक आहे, आणि ती कोणत्या बाजूस आहे तेंहि तेथल्या तेथें कळतें. वाण्याच्या दुकानांतला मुनीम संध्याकाळीं जें करतो, तेंच हें. शेजारच्या मुलाला पेटीकडे पाहावयास सांगण्याऐवजीं या दोन रेघांकडे पाहावयास सांगितलें असतें, तर पहिल्याच दिवशीं चूक उघडकीस आली असती. याशिवाय नव्या पाण्याच्या ड्रममध्यें तळाशीं एक तरंगतें बटण बसवावें, म्हणजे पाणी संपत येतांच दोन्ही नळ्यांचा पंप एकदम बंद पडेल. बदल दहा दिवस झालाच नाहीं तर मासे मरत नाहींत. अर्धा बदल झाला तर मरूं शकतात. गोड्या पाण्याच्या टाकींतहि एक-दोन दिवसांपुरतेंच पाणी ठेवावें हें उत्तम, म्हणजे बटण अडकून तें पाणी सारेंच्या सारें पेटींत गेलें तरी अनर्थ होणार नाहीं. मात्र परगांवीं जावयाचें असेल तर ती टाकी रोज भरणारा मनुष्य नेमूनच जावें.

या छंदाला पाण्याचा खर्च आहे, हेंहि मनांत धरलें पाहिजे. महिन्यास ६० लिटर नवें पाणी आणि उन्हाळ्यांत ९० लिटर भरपाईचें, असे १५० लिटर शुद्ध पाणी लागतें, आणि आर. ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देतांना त्याहूनहि अधिक पाणी बाजूस सारतें. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते, तेथें तें सांडपाणी मोरींत सोडून देणें शोभत नाहीं. फरशी धुण्यास व भांडीं घासण्यास तें उपयोगी पडतें. पेटींतून निघालेलें खारें पाणी मात्र परसांत, तुळशीवृंदावनांत वा विहिरीकांठीं कधींहि ओतूं नये. त्या ६० लिटरांत दोन किलोंहून अधिक मीठ असतें, आणि सोडियमनें काळी जमीन कशी बिघडते हें पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतल्या शेतकऱ्याला विचारावें. तें पाणी घरच्या इतर सांडपाण्याबरोबर थोडथोडें गटारांत जाऊं द्यावें.

शेवटीं, पेटींत कोणास आणावयाचें याचाहि विचार हवा. पोवळीं आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याखालीं संरक्षण आहे. ते धरणें व विकणें कायद्यास मंजूर नाहीं. उलट, पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे टाक्यांतून पैदा करण्याची विद्या कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनें साध्य केली आहे. समुद्रांतून पकडून आणलेल्या माशांपेक्षां असे टाक्यांत जन्मलेले मासे घेणें सर्वथैव चांगलें. त्यांनीं समुद्र पाहिलेला नसतो, आणि कांचेआडच्या आयुष्याचे ते पहिल्यापासून सरावलेले असतात.

आणि ज्याची पेटी लहान आहे, मासे दोन-चारच आहेत, त्यानें यंत्राच्या भरीस पडूंच नये. आठवड्यास एक बादली काढावी, एक बादली घालावी, आणि दोन्ही बादल्यांचें पाणी मोजावें. त्याचें काम उत्तम चालेल. यंत्र हातांचे कष्ट वांचवितें. मोजणें, लिहिणें आणि जुळवून पाहणें हें काम तें अंगावर घेत नाहीं. पाटीवरच्या हौदांत मासे नव्हते, म्हणून उत्तर चुकलें तर तें ओल्या फडक्यानें पुसून टाकतां येत असे. दिवाणखान्यांतल्या हौदांत ते आहेत. त्यांना दुसऱ्या पाण्यांत निघून जातां येत नाहीं, आणि पाणी बिघडलें असें सांगतांहि येत नाहीं. तें त्यांच्या वतीनें कोणीतरी आठवड्यांतून दोनदां पाहावें लागतें.